सीसीटीव्हीचं कोटेशन हाती आलं, आता ते वाचायचं कसं?

सकाळी आठला एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. रात्री पार्किंगमधून मोटारसायकल गेली होती, फुटेज काढून हवं होतं. जाऊन डीव्हीआरसमोर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यासमोर, बसलो. २ वाजून १४ मिनिटांनी स्कूटरवरून दोघं गेटाशी येतात, एक जण उतरून आत शिरतो आणि सात मिनिटांनी गाडी ढकलत बाहेर पडतो. सगळं दिसतं. फक्त चेहऱ्याच्या जागी पांढरट ठिपका आणि स्कूटरच्या नंबरप्लेटच्या जागी लख्ख पांढरी पट्टी. ज्याची गाडी गेली तो मुलगा माझ्या खुर्चीमागे उभा होता. गाडीचे अकरा हप्ते अजून बाकी होते. "दादा, जरा झूम करा ना," असं तो तीनदा म्हणाला. मी तीनदा झूम केलं. चौकोन मोठे झाले, चेहरा काही आला नाही.

मग कपाटातून जुनं कोटेशन काढलं. ‘२ एमपी फुल एचडी बुलेट, नाइट व्हिजन ३० मीटर, ८ चॅनेल डीव्हीआर, १ टीबी हार्ड डिस्क.’ यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण गेटातून आलेल्या माणसाचा चेहरा रात्री ओळखू येईल का, हे त्यातल्या एकाही शब्दावरून कळत नव्हतं. आणि हे विचारायचं असतं, हे कमिटीतल्या कुणाला ठाऊक नव्हतं.

कॅमेरे बसवायचं काम मी बरीच वर्षं करतोय. घरासाठी, दुकानासाठी किंवा सोसायटीसाठी पहिल्यांदाच कोटेशन मागवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. शब्द खूप आहेत, पण घाबरू नका. कोटेशनमधल्या प्रत्येक शब्दाचं उत्तर मीटरमध्ये, दिवसांत किंवा व्होल्टमध्ये मागा. उत्तर देणारा खरा जाणकार असेल तर कागद-पेन काढून लगेच हिशोब मांडेल.

पायरी १ : आधी नकाशा, मग कॅमेरा

कोऱ्या कागदावर जागेचा ओबडधोबड नकाशा काढा. गेट, जिना, लिफ्टची लॉबी, पार्किंग, गल्ला, मागचं दार. प्रत्येक ठिकाणी तिथून काय कळायला हवं ते लिहा. कुणीतरी आलं-गेलं एवढं कळलं तरी पुरे? की ओळखीचा माणूस ओळखू यायला हवा? की अनोळखी माणसाचा चेहरा पोलिसांना दाखवण्याइतका स्पष्ट हवा?

या तीन गरजांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि त्यांना आकडे आहेत. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत ते दिले आहेत. कॅमेऱ्यासमोरच्या एक मीटर रुंदीवर किती पिक्सेल पडतात ते मोजायचं. २५ पडले तर कुणीतरी आहे एवढं कळतं. ६२ पडले तर कपडे, चालण्याची ढब असं काही दिसतं. १२५ ला ओळखीचा माणूस ओळखता येतो. अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर २५० लागतात. बऱ्याच कंपन्या कॅमेऱ्याच्या डेटाशीटवर ‘डोरी’ या नावाखाली ही चार अंतरं मीटरमध्ये छापतात. कोटेशनसोबत डेटाशीट मागा आणि त्यातला शेवटचा, सगळ्यात लहान आकडा बघा. चेहऱ्यासाठी तोच खरा.

पायरी २ : मेगापिक्सेल आणि लेन्स एकत्रच वाचायचे

एमपी म्हणजे मेगापिक्सेल, दहा लाख ठिपके. २ एमपी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. यालाच फुल एचडी किंवा १०८०पी म्हणतात. ४ एमपीला बहुधा २५६० बाय १४४० आणि ८ एमपीला ३८४० बाय २१६०. या शेवटच्याला बाजारात ‘फोर के’ म्हणतात.

गिऱ्हाईक मेगापिक्सेल विचारतं आणि लेन्स विचारायचं विसरतं. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. लेन्स मिलिमीटरमध्ये सांगतात. आकडा लहान असेल तर कॅमेरा रुंद बघतो, मोठा असेल तर अरुंद पण जवळून. सेन्सरप्रमाणे, म्हणजे लेन्समागच्या चित्र टिपणाऱ्या चिपप्रमाणे, थोडाफार फरक पडतो, पण ढोबळ मानाने २.८ मिलिमीटरची लेन्स १०० अंशांच्या आसपास बघते, ३.६ ची ८०, ६ ची ५० आणि १२ ची २५ अंश.

आता हिशोब करू. २ एमपीला आडवे १९२० ठिपके. चेहऱ्यासाठी मीटरला २५० हवेत. १९२० भागिले २५०, म्हणजे चित्राची रुंदी साडेसात मीटरच्या आसपास असेपर्यंतच चेहरा पटतो. २.८ च्या लेन्सला ही रुंदी जेमतेम तीन मीटरवर गाठली जाते. ३.६ ला साडेचार मीटर, ६ ला आठ मीटर आणि १२ ला सतरा मीटर. त्या सोसायटीचा कॅमेरा २.८ चा होता आणि गेटापासून अकरा मीटर लांब, पाच मीटर उंच खांबावर होता. भर दुपारीसुद्धा त्यात चेहरा आला नसता.

पुढचं गणित त्याहून महत्त्वाचं. त्याच २.८ लेन्सवर २ ऐवजी ४ एमपीचा कॅमेरा लावला तर चेहऱ्याचं अंतर तीन मीटरवरून सव्वाचार मीटरवर जातं, एवढंच. मेगापिक्सेल तसेच ठेवून ६ ची लेन्स घेतली तर ते आठ मीटर होतं. म्हणून ‘पाच एमपी देतो साहेब’ असं कुणी म्हणालं की विचारा, "लेन्स किती एमएमची?"

काही कॅमेऱ्यांत लेन्सचा आकडा २.८ ते १२ असा दिलेला असतो. ती व्हेरिफोकल लेन्स, जागेवर फिरवून हवा तो कोन बसवता येतो. मोटराइज्ड असेल तर शिडी न लावता मोबाइलवरून. गेटासाठी थोडे पैसे जास्त मोजून हीच घ्या. ऑप्टिकल झूम म्हणजे लेन्स खरोखर हलते. डिजिटल झूम म्हणजे आहे ते चित्र ताणणं. त्यात नवीन काही येत नाही, हे त्या मुलाने पाहिलंच.

आकाराची नावं पटकन सांगतो. बुलेट म्हणजे नळीसारखा, दुरून दिसणारा. डोम म्हणजे छताला चिकटलेला घुमट. पीटीझेड म्हणजे डावी-उजवीकडे, वर-खाली फिरणारा आणि झूम करणारा. लहान सोसायटीत पीटीझेड घेऊ नका. चोरी होते तेव्हा तो नेमका दुसरीकडे बघत असतो.

उंचीचंही बघा. पाच मीटरवरून टोपी दिसते, चेहरा नाही. चेहऱ्याचा कॅमेरा अडीच-तीन मीटरवर असू द्या.

पायरी ३ : रात्र

‘नाइट व्हिजन ३० मीटर’ याचा अर्थ कॅमेऱ्याच्या आयआर एलईडीचा उजेड साधारण तेवढा लांब पोचतो, एवढाच. चेहरा तिथे दिसेल असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. आयआर म्हणजे इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. बहुतेक कॅमेऱ्यांत तो ८५० नॅनोमीटरचा असतो. रात्री जवळून पाहिलं तर मंद लाल ठिपके दिसतात. ९४० चा असेल तर तेही दिसत नाहीत, पण त्याचा पल्ला कमी.

दिवसा हाच इन्फ्रारेड सेन्सरवर पडला तर रंग बिघडतात, म्हणून लेन्सच्या मागे एक गाळणी असते, आयआर कट फिल्टर. अंधार पडला की ती बाजूला सरकते आणि चित्र कृष्णधवल होतं. संध्याकाळी कॅमेऱ्याजवळ उभं राहिलात तर बारीक ‘टक्’ असा आवाज ऐकू येतो. तो या गाळणीचा.

मग चेहरा पांढरा का होतो? माणूस जवळ असतो, मागे अंधार असतो. कॅमेरा अंधाराच्या हिशोबाने उजेड वाढवतो आणि जवळचा चेहरा भाजून निघतो. स्मार्ट आयआर असेल तर जवळ काही आल्यावर एलईडी आपोआप मंद होतात. नंबरप्लेटचं कारण वेगळं आहे. प्लेटवरचा परावर्तक पत्रा प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवतो. १ एप्रिल २०१९ पासून देशात नव्या गाड्यांना सक्तीची असलेली हाय सिक्युरिटी प्लेट तर अशीच असते. त्यामुळे कॅमेऱ्याचा आयआर प्लेटवर आपटून थेट लेन्समध्ये येतो. नंबर वाचायचा तर त्यासाठी वेगळा कॅमेरा, लांब लेन्स आणि जलद शटर लागतं. सेकंदाच्या पाचशेव्या किंवा हजाराव्या भागाचं. एकाच कॅमेऱ्यात चेहरा, नंबर आणि अख्खं पार्किंग मागू नका.

अंधारात बघण्याची ताकद लक्समध्ये, म्हणजे उजेडाच्या मापात लिहितात. आकडा जितका लहान, तितक्या कमी उजेडात कॅमेरा बघतो. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं. डेटाशीटवर ‘० लक्स, आयआर चालू’ असं दिसलं तर त्यावरून काहीच कळत नाही, दिवा लावल्यावर दिसणारच. आयआर बंद असतानाचा आकडा बघा आणि सोबत एफ क्रमांक बघा. एफ १.० ची लेन्स एफ २.० पेक्षा चौपट उजेड आत घेते. रात्रीही रंगीत चित्र देणाऱ्या कॅमेऱ्यांत अशी लेन्स आणि बहुधा पिवळसर पांढरा दिवा असतो. चोराच्या शर्टाचा रंग कळणं तपासात फार उपयोगी पडतं, त्यामुळे गेटावर मी हल्ली हाच सुचवतो. आणि सगळ्यात स्वस्त उपाय सांगू? गेटावर रात्रभर जळणारा एक चांगला एलईडी दिवा. कॅमेऱ्याच्या निम्म्या तक्रारी त्याने मिटतात.

आयआर कॅमेऱ्यासमोर कोळी जाळं विणतो, कारण उजेडाला किडे येतात. महिन्यातून एकदा वॉचमनला मऊ कुंचला फिरवायला सांगा. कॅमेरा पांढऱ्या भिंतीला किंवा छज्जाला चिकटून नको, त्याचा उजेड परतून सगळं चित्र धुरकट होतं.

पायरी ४ : उन्हाकडे तोंड करून बसलेला गल्ला

दुकानात आतून दाराकडे रोखलेल्या कॅमेऱ्याचं उदाहरण घ्या. बाहेर लख्ख ऊन, आत सावली. येणारा प्रत्येक जण काळी आकृती दिसतो. इथे डब्ल्यूडीआर लागतो. कॅमेरा एकाच दृश्याचं कमी उजेडाचं आणि जास्त उजेडाचं अशी चित्रं घेऊन ती जुळवतो. ताकद डेसिबलमध्ये लिहितात. १२० डीबी असेल तर खरा डब्ल्यूडीआर समजा. कोटेशनमध्ये ‘डीडब्ल्यूडीआर’ असेल तर पहिल्या ‘डी’कडे लक्ष द्या. तो डिजिटलचा आहे, म्हणजे घेतलेल्या चित्राचीच उजळणी. बीएलसी त्याहून साधा, तो फक्त मधला भाग उजळतो.

पायरी ५ : डीव्हीआर की एनव्हीआर

डीव्हीआरला कॅमेरे कोअॅक्सियल केबलने जोडतात, केबल टीव्हीसारख्या जाड गोल वायरने. एनव्हीआरला नेटवर्क केबलने, आणि ते कॅमेरे आयपी कॅमेरे. एक्सव्हीआर दोन्ही प्रकार घेतो. जुनी कोअॅक्सियल वायर भिंतीत चांगल्या अवस्थेत असेल तर ती फेकू नका. टीव्हीआय, सीव्हीआय, एएचडी या तिन्ही पद्धती त्याच वायरवरून एचडी चित्र नेतात. ‘फोर इन वन’ कॅमेरा या तिन्हींवर आणि जुन्या अॅनालॉगवरही चालतो. नवं बांधकाम असेल तर मात्र आयपीच करा.

चॅनेल म्हणजे किती कॅमेरे जोडता येतील तो आकडा. आज सहा लागत असतील तर आठचा नको, सोळाचा घ्या. कॅमेरे वाढतातच.

स्वस्त डीव्हीआरवर ‘१०८०एन’ असं लिहिलेलं असतं. लोक ते १०८०पी समजतात. १०८०एन म्हणजे ९६० बाय १०८०, आडवे ठिपके निम्मे. २ एमपीचा कॅमेरा लावायचा आणि रेकॉर्डिंग निम्म्यावर करायचं, असा तो प्रकार. मघाशी केलेला चेहऱ्याचा सगळा हिशोब त्याने निम्म्यावर येतो. ‘लाइट’ हा शब्द दिसला तरी हेच विचारा: "सगळे चॅनेल चालू असताना रेकॉर्डिंग किती ठिपक्यांत होतं?"

सेटिंगमध्ये पाल आणि एनटीएससी असे दोन पर्याय दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून पाल. चुकून दुसरा राहिला तर ट्यूबलाइटच्या उजेडात चित्र लुकलुकतं.

पायरी ६ : बॅकअप किती दिवसांचा?

आपल्याकडे ‘बॅकअप’ म्हणजे मागचे किती दिवस पाहता येतील. हे हार्ड डिस्क आणि बिटरेटवर ठरतं. बिटरेट म्हणजे कॅमेरा दर सेकंदाला किती माहिती पाठवतो. समजा २ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट. दिवसात ८६,४०० सेकंद. गुणाकार करून आठने भागलं (आठ बिटचा एक बाइट) की एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ जीबी होतात. आठ कॅमेऱ्यांचे सुमारे १७३ जीबी. म्हणजे १ टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही. महिन्याचं हवं असेल तर पाच टीबीच्या वर लागते. त्या सोसायटीला कुणीतरी तोंडी ‘महिनाभर राहतं’ असं सांगितलं होतं. चोरी त्याच रात्रीची होती म्हणून फुटेज तरी मिळालं.

डिस्कची बचत कॉम्प्रेशनने होते. एच.२६४ हे मानक २००३ चं, एच.२६५ हे २०१३ चं. तशाच दर्जाच्या चित्राला नवं मानक साधारण निम्मी जागा घेतं. म्हणजे १ एमबीपीएसवर आठ कॅमेऱ्यांना २ टीबी डिस्क तेवीस दिवस पुरते. मात्र बिटरेट फार खाली ओढला तर हलणाऱ्या माणसाचे तुकडे पडतात. एफपीएस म्हणजे सेकंदाला किती चित्रं. पार्किंगला १२ ते १५ पुरतात. गल्ल्यावर, जिथे हात झरझर चालतात, तिथे २५ ठेवा.

डिस्क सर्व्हेलन्सची घ्या, कॉम्प्युटरची नको. चोवीस तास लिहीत राहण्यासाठी ती बनवलेली असते.

पायरी ७ : वायर आणि वीज

कोटेशनमध्ये सगळ्यात कमी शब्द वायरला मिळतात आणि पुढची सगळी दुखणी वायरचीच असतात. डीव्हीआरच्या कामात ‘थ्री प्लस वन’ वापरतात, एक कोअॅक्सियल आणि सोबत तीन बारीक तारा. विचारा, "पूर्ण तांबं आहे की सीसीए?" सीसीए म्हणजे आत अॅल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या शुद्ध तांब्यातून ६० मीटरवर अर्धा अँपिअर नेला तर १२ व्होल्टमधले सुमारे २ व्होल्ट वाटेतच जातात. सीसीएमध्ये तीनच्या वर. म्हणून एक कॅमेरा दिवसभर उत्तम चालतो आणि रात्री आयआर पेटला की बंद पडतो. असं होत असेल तर कॅमेरा बदलू नका, मल्टिमीटर घेऊन कॅमेऱ्याच्या टोकाचे व्होल्ट रात्री मोजा.

ही वीज देणारा डबा म्हणजे एसएमपीएस. चित्राची पिन बीएनसी, विजेची पिन डीसी. दोन्ही जंक्शन बॉक्समध्ये हव्यात. उघड्यावर लोंबणाऱ्या पिना पहिल्या पावसात हिरव्या पडतात.

आयपी कॅमेऱ्यात वीज आणि चित्र एकाच नेटवर्क केबलमधून जातं, त्याला पीओई म्हणतात. जुनं ८०२.३एएफ मानक एका पोर्टला १५.४ वॉट देतं, नंतरचं एटी ३० वॉट. केबलची मर्यादा १०० मीटर.

पायरी ८ : दोन वेगळे ‘आयपी’

‘आयपी कॅमेरा’ यातला आयपी इंटरनेट प्रोटोकॉलचा. ‘आयपी६७’ यातला आयपी धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा. दोघांचा काही संबंध नाही, अॅनालॉग कॅमेराही आयपी६७ असू शकतो. पहिला ६ म्हणजे धूळ आत जात नाही. दुसरा आकडा पाण्याचा: ६ म्हणजे पाण्याचे जोरदार फवारे सोसतो, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी टिकतो. कोकणातल्या किंवा घाटातल्या पावसात उघड्यावर ६६ च्या खाली जाऊ नका. आयके१० म्हणजे मार सोसण्याची वरची पातळी, पाच किलोचं वजन ४० सेंटिमीटरवरून पडण्याएवढा धक्का. जिन्यातल्या, हाताला येणाऱ्या डोमला तो हवा.

वेगवेगळ्या कंपन्यांचा कॅमेरा आणि एनव्हीआर एकमेकांशी बोलावेत यासाठी ऑनव्हिफ हे मानक आहे. अॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये ते सुरू केलं. कोटेशनमध्ये हा शब्द असू द्या, म्हणजे पुढे एकाच कंपनीला बांधलेले राहणार नाही.

पासवर्डबद्दल मी हात जोडून सांगतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी काही मोठी शक्कल लागली नाही. कंपनीने घालून दिलेले पासवर्ड लोकांनी बदललेच नव्हते. बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड त्याच दिवशी, तुमच्या हाताने बदला. बदललेला त्यालाही सांगायची गरज नाही.

आवाजाचं थोडक्यात: ‘बिल्ट-इन माइक’ असेल तर कॅमेरा बोलणं टिपतो, ‘टू-वे ऑडिओ’ असेल तर तुम्ही मोबाइलवरून बोलूही शकता. गल्ल्यावर ठीक आहे. सोसायटीच्या जिन्यात, लॉबीत माइक बंद ठेवा. शेजाऱ्यांच्या खाजगी गप्पा साठवायचा आपल्याला काही अधिकार नाही. कुणाच्या दारातून आतलं घर दिसत असेल तर सेटिंगमधल्या ‘प्रायव्हसी मास्क’ने तो चौकोन काळा करून घ्या.

पायरी ९ : पैसे देण्याआधीची रात्र

शेवटचा हप्ता दिवसा देऊ नका. अंधार पडल्यावर कमिटीतल्या एखाद्या, बसवणाऱ्याच्या ओळखीच्या नसलेल्या माणसाला टोपी घालून गेटातून आत चालत यायला सांगा. लाइव्ह बघू नका, रेकॉर्डिंग बघा. एक चित्र थांबवा आणि त्याच्या घरच्यांना विचारा, हा कोण?

डीव्हीआरचं घड्याळ मोबाइलशी ताडून पाहा. इंटरनेट असेल तर एनटीपी चालू करा, वेळ आपोआप जुळत राहते. घड्याळ वीस मिनिटं पुढे असलं तरी पंचनाम्यात आणि कोर्टात अडचण येते. फुटेज पुरावा म्हणून द्यायचं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलचं हॅश, म्हणजे तिच्या बोटांच्या ठशांसारखी अंक-अक्षरांची ओळ, लिहावी लागते. त्यामुळे मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा. मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून व्हॉट्सअॅपवर फिरवलेली क्लिप म्हणजे मूळ फुटेज नव्हे.

त्या सोसायटीत आम्ही गेटाच्या खांबावर, अडीच मीटरवर, ६ ची लेन्स असलेला एक कॅमेरा वाढवला आणि वर दिवा लावला. जुना कॅमेरा आहे तिथेच राहिला, पार्किंगच्या एकंदर हालचालीसाठी. रात्री साडेदहाला सेक्रेटरींच्या सासऱ्यांना मफलर गुंडाळून चालवलं. रेकॉर्डिंग थांबवलं तेव्हा त्यांच्या चष्म्याची काडी दिसत होती. मग ती पाच मिनिटांची क्लिप पेन ड्राइव्हवर उतरवायला मी सेक्रेटरींनाच बसवलं, मी फक्त शेजारी उभा राहिलो. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. तुमच्याकडेही हे काम दोन जणांना आलंच पाहिजे, कारण चोरी झालेल्या सकाळी बसवणारा फोन उचलेलच असं नाही.